अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचे उच्च शिक्षण : अर्ज करण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून डॉक्टर, इंजिनिअर आणि वकील बोलतात. यंदा एका निवृत्त पी.टी. शिक्षकाला बोलावले, त्याबद्दल संस्थेचे आभार मानतो. माझा विषय तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नसेल. मीही सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत ऐकला नव्हता. माझी पुतणी त्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करू लागली तेव्हा मला तो कळला. तिचा पहिला अर्ज नाकारला गेला, दुसरा स्वीकारला गेला. या दोन अर्जांच्या मधल्या काळात आमच्या घराने जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

परंतु त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो.

१९९८ साली जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेत आमच्या शाळेचा एक चढाईपटू पकडीतून सुटताना एका पायावर वेडावाकडा पडला. गुडघ्यातून कट्कन आवाज आला, असे तो स्वतः म्हणाला. मी काय केले? थंड फवारा मारला, क्रेप बँडेज आवळून बांधले आणि उत्तरार्धात त्याला पुन्हा मैदानात उतरवले. सामना आम्ही जिंकलो. संध्याकाळपर्यंत त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला. असा आवाज येऊन काही तासांतच सूज भरली, तर गुडघ्यातला आतला बंध तुटल्याची दाट शंका घ्यावी लागते आणि तशा पायावर खेळवले, तर आतली गादीही फाटू शकते, हे मला फार उशिरा कळले. तो मुलगा आज रिक्षा चालवतो. जिना एकेक पायरी करून उतरतो. भेटला की अदबीने सलाम करतो आणि मला मान वर करवत नाही. वाईट हेतूने मी काही केले नव्हते, परंतु मला ज्ञान नव्हते आणि ज्याला ज्ञान आहे असे मैदानाच्या कडेला कोणीही नव्हते.

अमेरिकेत त्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाला 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हणतात. या नावाने फार घोटाळा होतो. जिममध्ये वजने उचलायला शिकवणारा तो ट्रेनर हा नव्हे, संघाला डावपेच शिकवणारा कोचही नव्हे. हा आरोग्यसेवक आहे. दुखापत होऊ नये म्हणून तजवीज करणे, झाली तर जागेवर तपासून निदान करणे, जीव धोक्यात असेल तर तो वाचवणे आणि नंतर खेळाडूला पायरी-पायरीने पुन्हा उभे करणे, हे त्याचे काम. डॉक्टरच्या देखरेखीखाली किंवा सहकार्याने तो काम करतो. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

त्या कामाची किंमत जगाने २ जानेवारी २०२३ रोजी पाहिली. सिनसिनाटी येथे फुटबॉलच्या सामन्यात (त्यांचा फुटबॉल, आपला नव्हे) डॅमर हॅमलिन हा खेळाडू टक्कर होऊन उठला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. बफेलो संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तेथेच मैदानावर छाती दाबण्यास सुरुवात केली. हॅमलिन वाचला आणि पुढच्याच हंगामात पुन्हा खेळला. याच्या उलट उदाहरणही आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड खेळाडू सरावात उष्माघाताने दगावला. त्याच्या नावाने २०१० साली कनेक्टिकट विद्यापीठात संस्था निघाली. श्रमाच्या उष्माघातात आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, हे सूत्र ती संस्था शिकवत असते. बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवून तापमान जागेवरच उतरवायचे. आपल्याकडे भरतीच्या धावण्यात मुलगा कोसळला की तोंडावर पाणी मारून, चार जणांनी उचलून रिक्षात कोंबायचा. मौल्यवान मिनिटे रस्त्यातच जातात.

असो. आता मुद्द्याकडे वळतो.

पूर्वी हे शिक्षण पदवी पातळीवर मिळत असे. २०१५ साली तेथील संस्थांनी ठरवले की व्यवसायात प्रवेश देणारी पदवी ही मास्टर्सचीच असावी आणि २०२२ च्या सत्रानंतर मान्यताप्राप्त बॅचलर अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेणे बंद झाले. म्हणजे आता येथून पदवी घेऊन जाणाऱ्याला दार उघडे आहे. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, पूर्ण वेळेचा आणि पुष्कळ ठिकाणी मे ते जुलैच्या दरम्यान सुरू होणारा. अभ्यासक्रमाला 'काटे' या संस्थेची मान्यता असलीच पाहिजे. तिचे पूर्ण नाव कमिशन ऑन अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग एज्युकेशन. मान्यता नसेल तर शेवटी बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही आणि ती परीक्षा दिल्याशिवाय जवळपास कोणत्याही राज्यात परवाना मिळत नाही. विद्यापीठ कितीही नावाजलेले असो, मान्यतेची यादी आधी स्वतः पाहा. मान्यता कोणत्या अवस्थेत आहे, परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हेही अभ्यासक्रमांना जाहीर करावे लागते. ते आकडे वाचा. एजंटाने दिलेल्या गुळगुळीत कागदावरची रंगीत इमारत पाहून निर्णय घेऊ नका.

आणखी एक फसगत. याच विषयाचे दोन प्रकारचे उच्च अभ्यासक्रम आहेत. एक नव्याने व्यवसायात येणाऱ्यांसाठी. दुसरा आधीच परीक्षा देऊन प्रमाणित झालेल्यांसाठी. आपल्या मुलांना पहिला हवा. नावे सारखी दिसतात, म्हणून चुकीच्या दारावर थाप मारली जाते आणि फी वाया जाते.

पुतणीचा पहिला अर्ज का पडला, ते ऐका, कारण हीच चूक सर्वात अधिक होईल. ती बी.एस्सी. झाली होती, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. आम्हाला वाटले, आणखी काय पाहिजे? परंतु मान्यतेच्या नियमांप्रमाणे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय महाविद्यालयीन पातळीवर झालेले असावे लागतात. बारावीचे भौतिकशास्त्र तिने दाखवले, ते त्यांनी धरले नाही. मानसशास्त्र तर तिने कधी शिकलेच नव्हते. प्राणिशास्त्रात बेडूक कापला होता, माणसाची शरीररचना वेगळा विषय म्हणून गुणपत्रिकेवर नव्हती. पुष्कळ विद्यापीठे याखेरीज संख्याशास्त्र, आहारशास्त्र किंवा व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्रही मागतात. तिने मग विभागाला पत्र लिहिले, कोणते विषय कोठून केले तर चालतील हे लेखी विचारले आणि उत्तर आल्यावर एका अमेरिकन कम्युनिटी कॉलेजचे उरलेले विषय घरी बसून ऑनलाइन पुरे केले. वर्ष गेले, पैसे गेले. हेच तिने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पाहिले असते, तर दोन्ही वाचले असते. म्हणून आज येथे बसलेल्या बारावीच्या मुलामुलींना मी विशेष करून सांगतो आहे. वाणिज्य शाखेला गेलात, तर हा रस्ता फार लांबचा होईल.

अर्ज बहुतेक ठिकाणी 'अ‍ॅटकॅस' नावाच्या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जातो. एकदा माहिती भरायची आणि ती हव्या त्या विद्यापीठांकडे पाठवायची. प्रत्येक वाढीव विद्यापीठाला वाढीव फी. येथील गुणपत्रिकांचे मूल्यमापन मान्य संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी आपल्या विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट पाठवलेल्या प्रती लागतात आणि त्या मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना चालते, काहींना चालत नाही. हे आधी विचारा. इंग्रजीची परीक्षा, टोफेल किंवा आयेल्ट्स, द्यावी लागते. जीआरई मात्र आता पुष्कळांनी सोडून दिली आहे. जागा भरत जातील तसे प्रवेश देणारी विद्यापीठे बरीच आहेत, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहणे हा मूर्खपणा होय. शिवाय व्हिसाच्या मुलाखतीला वेळ हातात राहिला पाहिजे.

निरीक्षणाचे तास हा आपल्याकडचा खरा अडथळा. प्रमाणित ट्रेनरच्या हाताखाली पन्नास-शंभर तास काम पाहिले असल्याचा दाखला अनेक विद्यापीठे मागतात. येथे तसा ट्रेनर आणायचा कोठून? पुतणीने विभागप्रमुखांना प्रांजळपणे लिहिले की आमच्या जिल्ह्यात असा एकही माणूस नाही, खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडचे तास चालतील का? दोन ठिकाणांहून होकार आला. ती मग चार महिने सकाळी मैदानावर आणि दुपारी दवाखान्यात बसली. रोज काय पाहिले ते वहीत लिहिले. पुढे तीच वही कामाला आली.

कारण अर्जासोबत स्वतःविषयी एक निवेदन लिहावे लागते. पहिल्या वर्षी तिने ते एका ओळखीच्या माणसाकडून लिहून घेतले होते. त्यात खेळावरचे प्रेम, मानवजातीची सेवा, लहानपणापासूनचे स्वप्न, असे सर्व होते आणि ती स्वतः कोठेच नव्हती. दुसऱ्या वर्षी तिने वहीतले एक पान उचलले. खो-खोची एक मुलगी घोटा मुरगळल्याचे शिक्षकांना सांगायला तयार नव्हती, कारण पाय तपासणारा पुरुष होता. ती दोन सामने तशीच खेळली. पुतणीने तेवढेच लिहिले आणि त्यावर तिला काय वाटले ते लिहिले. मुलाखतीत तिला त्याबद्दलच विचारले गेले.

शिफारसपत्रांचेही असेच. दोन किंवा तीन लागतात. आमदारसाहेबांचे किंवा संस्थेच्या अध्यक्षांचे पत्र (अध्यक्षमहाशय क्षमा करतील) तेथे कामाचे नाही. ज्याने तुम्हाला प्रयोगशाळेत किंवा मैदानावर काम करताना पाहिले, त्या शिक्षकाचे पत्र हवे. ते पत्र तो स्वतः ऑनलाइन पाठवतो, उमेदवाराच्या हाती देत नाही. शिक्षकांनो, मुलांनी मागितले की त्यांनाच मसुदा आणायला सांगू नका. मीही तसे सांगत असे.

प्रवेश मिळाल्यावर लसीकरणाचे दाखले, क्षयाची तपासणी, पार्श्वभूमीची चौकशी, जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, हे सर्व मागितले जाते. लहानपणीचे लसीचे कार्ड घरात सापडत नाही, असा अनुभव आहे. आजच शोधून ठेवा.

आता पालकांनो, पैशाविषयी. या अभ्यासक्रमात दिवसभर शाळांच्या, महाविद्यालयांच्या संघांसोबत प्रत्यक्ष काम असते आणि त्याचा पगार सहसा नसतो. त्यामुळे इतर विषयांतली मुले विद्यापीठात नोकरी करून फी भागवतात तसे येथे गृहीत धरू नका. मैदाने दूर असतात, पुष्कळ ठिकाणी मोटार लागते. केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही व्याज-सवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिच्या भरवशावर राहू नका. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, तिच्याकडे अर्ज करावा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. व्याजाच्या बाबतीत प्रत्येक घराची आपापली भूमिका असते, मी त्यात पडत नाही. आमच्या घरी तीन भावांनी मिळून रक्कम उभी केली आणि एका बहिणीने बांगड्या दिल्या. शिक्षण संपल्यावर तेथे काम करण्याची परवानगी साधारण एक वर्षाची मिळते. ती पुढे वाढते का, हे विभागाला लेखी विचारूनच हिशेब मांडा.

परत आल्यावर काय, हाही प्रश्न रास्त आहे. भारतात या नावाचा परवाना नाही आणि या पदवीवर येथे फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येणार नाही. ज्याला येथेच दवाखाना काढायचा आहे, त्याने फिजिओथेरपीची पदवी घ्यावी आणि पुढे क्रीडा शाखेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठात तशी सोय आहे. माझ्या मते आपल्या बहुतेक मुलांना हाच मार्ग अधिक परवडेल. परंतु ज्याला मैदानाच्या कडेलाच उभे राहायचे आहे आणि ज्याच्या घरची ऐपत व तयारी आहे, त्याला मी अडवणार नाही.

मुलींच्या आयांनी मला वेगळे गाठून विचारले की एकटी मुलगी तेथे कशी राहील. मी काय सांगणार? पुतणी पहिले सहा महिने रडत फोन करीत असे. तिच्या अम्मीने दोनदा परत ये म्हटले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, आज एका मुलीचा खांदा मी जागेवर धरून ठेवला अम्मी, आता जेवते, मग बोलू. त्यानंतर फोन कमी झाले.

समारंभ संपल्यावर मी विज्ञान प्रयोगशाळेत बसणार आहे. ज्यांनी पदवीच्या गुणपत्रिका सोबत आणल्या आहेत त्यांनी त्या घेऊन यावे. कोणते विषय कमी पडतात ते आपण एकत्र बसून पाहू. तो कबड्डीवाला मुलगाही आज आला आहे, त्याचा मुलगा नववीत आहे.