कोलेस्टेरॉल आणि आपण कष्टकरी



आम्हाला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आम्ही डॉक्टर नाही. गिरणीत पाळ्या करणारी आणि वाचनालयातली पुस्तकं घरी नेऊन वाचणारी माणसं आम्ही. पण कोलेस्टेरॉल हा शब्द आता आपल्या वस्तीत घरोघर पोचला आहे, आणि त्याच्याविषयीचे गैरसमजही त्याच्या मागोमाग आले आहेत. म्हणून बोलणं भाग आहे.

पहिला गैरसमज आम्हा कामगारांचाच. "हा बसून खाणाऱ्यांचा रोग. आम्ही आठ-आठ तास उभे राहून घाम गाळतो, आम्हाला कुठली चरबी?" असं आमच्यातले पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यासाठी फिनलंड देशातली हकिकत सांगतो. त्या देशाच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. तिथले लोक जंगलात लाकूड तोडणारे, शेतात राबणारे. अंगमेहनतीत आपल्याला हार न जाणारे. तरीसुद्धा १९७० च्या सुमारास तिथले कर्ते पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं पटापट जात होते. जगात हृदयविकाराचे सर्वात जास्त मृत्यू ज्या भागांत होत, त्यांत हा प्रांत होता. कारण काय? पावावर लोण्याचा जाड थर, सायीचं दूध, चरबीचं मटण, जास्तीचं मीठ, आणि निम्म्या पुरुषांच्या तोंडात सिगारेट. मेहनत होती, पण ताटानं घात केला.

तिथल्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ साली पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या पुढाकारानं काम सुरू झालं. आम्हाला यातलं आवडलेलं असं की, त्यांनी नुसती औषधं वाटली नाहीत. गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरलं, त्या बायांनी कमी लोण्याचा, जास्त भाजीपाल्याचा स्वयंपाक करून एकमेकींना जेवू घातलं. पुढं गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या चढाओढी लागल्या! दूधवाल्यांनी विरोध केला, तोही पचवला. चाळीस वर्षांत तिथल्या कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आणि त्यात मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरल्याचा होता, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं.

आता हे कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. शरीराला ते लागतं, आणि आपलं यकृतच त्यातलं बरंचसं तयार करतं. रिपोर्टवर 'एलडीएल' लिहिलेलं असतं ते वाढलं की रक्तवाहिन्यांच्या आत थर साचत जातो. 'एचडीएल'ला चांगलं म्हणतात. एकूण आकडा २०० च्या आत असावा, असं साधारण मानतात. पण साखर, रक्तदाब असलेल्यांनी नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये. यात दुखत-खुपत काही नाही, हीच खरी फसवणूक. त्रास कळतो तेव्हा माणूस दवाखान्याच्या दारात असतो.

दुकानात तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. अहो, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं! पण पामतेलात निम्मी चरबी अशी असते की ती आपल्या रक्तातलं एलडीएल वाढवते. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी तर त्याहून वाईट. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. २०२२ पासून सरकारनं तेल-तुपातल्या तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे बरं झालं. पण नाक्यावरच्या कढईत सकाळचंच तेल संध्याकाळपर्यंत उकळत असतं, तिथं कोण मोजायला जाणार? रात्रपाळी सुटल्यावर चहा-खारी नि वडापाव हे आमचं ठरलेलं जेवण. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं हे आपल्या आयांचं जेवण किती चांगलं! त्यातल्या चोथ्यानं कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. गरिबीचं म्हणून आपण ते सोडलं, आणि पैसे देऊन रोग विकत घेतला.

माता-भगिनींना एक सांगायचं आहे. पाळी जाईपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, नंतर एलडीएल चढू लागतं. घरात तपासणी होते ती पुरुषाची, बाई मात्र राहून जाते. आणि मिश्री हाही तंबाखूच आहे, बाई. विडीनं चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, हे पुरुषांनीही ऐकून ठेवावं.

गोळीचं राहिलं. काहींना हा दोष आई-बापाकडूनच येतो, त्यांना नुसत्या पथ्यानं भागत नाही. गोळी घेऊन आकडा उतरला की "बरा झालो" म्हणून परस्पर बंद करणारे आपल्यात पुष्कळ. आकडा गोळीमुळंच उतरलेला असतो! बंद करायची की नाही, ते डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला नको. चालणं मात्र कुणाला विचारून करायचं नाही. रोज अर्धा तास, भरभर. साच्यांमधलं थांबत-थांबत फिरणं त्यात धरू नका.

आमची विहार समितीला एक विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाला वनस्पतीतल्या पुऱ्या आणि बुंदी नको. भाकरी, उसळ, कोशिंबीर ठेवा. भाकऱ्या थापायला बाया येतील, चिरायला-वाढायला आम्ही गिरणीवाले येतो. आणि चाळिशी ओलांडलेल्यांच्या रक्ततपासणीसाठी त्याच दिवशी विहारात एक टेबल मांडू. पहिली नावं आमची लिहून घ्या.

जय भीम!