वाद्य गळ्याला जुळवावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



'भजनासाठी मंडळाने वाद्ये घ्यायची आहेत, त्यावर चार शब्द बोला' असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही गवई नव्हे, की वाद्यांचा व्यापार करणारी नव्हे. घरच्या घरी थोडे गाणारी, दोन जुने तंबोरे विकत घेतलेली, त्यांतला एक विकलेली आणि विकण्यापूर्वी तो जवळजवळ मोडीत काढलेली अशी मी एक बाई. पण कार्यवाह बाई म्हणाल्या, 'मोडीत काढलात ना? मग तेच सांगा.' म्हणून उभी राहिले आहे.

आपले गोंदिया मोठ्या मजेच्या जागी वसलेले आहे. हावड्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आपल्या स्टेशनातून जातो. हाताने भाता मारायची पेटी ज्या कलकत्त्यात तयार झाली, ते या मार्गाच्या एका टोकाला. आणि आपल्याच स्टेशनातून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला जाताना थेट मिरजेला थांबते. तंबोऱ्यांचे गाव ते! तेराशे किलोमीटरांहून जास्त धावणारी ही गाडी, पण कुठे बदलायची गरज नाही. पेटीचे माहेर एकीकडे, तंबोऱ्याचे दुसरीकडे, आणि मध्ये आपण. असे असून आपल्या भजनात निम्म्या बायका नुसते ओठ हलवतात. का, ते मला सांगायचे आहे.

आमच्या सासूबाईंचा गळा मी प्रथम ऐकला तो जात्यावर. लग्न होऊन आमगावकडच्या खेड्यात आले, तेव्हा गावात पिठाची गिरणी होती. तरी सणावाराच्या डाळी आणि भरडा घरच्या जात्यावरच निघे. पहाटे ओसरीवरून ओवी कानी येई. आवाज जाड, भरीव, जात्याच्या घरघरीतूनच उगवल्यासारखा. तीच बाई एकादशीच्या भजनाला बसली की गप्प. पेटीवाले बुवा आपल्या पट्टीत सुरू करत. सासूबाई खालच्या सुरात म्हणून पाहत, तिथे आवाज बसे. वरच्या सुरात जात, तिथे तो चिरके. एकदा असाच चिरकला. पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्यांच्या कानाशी लागून म्हटले, 'आई, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा.'

'मले कुठं येते, सूनबाई? तुमीच म्हणा,' एवढेच त्या बोलल्या. पुढे त्या अठरा वर्षे जगल्या. भजनात टाळ्याच वाजवल्या.

त्या वेळी मला वाटे, त्यांना गळा नाही. आज कळते की चूक गळ्याची नव्हती, पट्टीची होती. गाणारा आपला षड्ज पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो, ती त्याची पट्टी, हे आपणांस ठाऊक आहेच. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार ते काळी पाचच्या. पुरुषाने आपल्या काळी एकमध्ये भजन धरले, म्हणजे बाईला तिथल्या खालच्या षड्जापर्यंत उतरता येत नाही, आणि वरचा षड्ज धरावा तर अंतऱ्याला नरडे फाटते. विहिरीचा दोर पाण्यापर्यंत पोचत नाही, तशी स्थिती. जात्याला मात्र पट्टी नसते. तिथे सासूबाई आपल्या सोयीच्या सुरात गात, म्हणून तिथे त्यांचा गळा होता.

आता कोणी म्हणेल, वाद्य जसे आहे तसे आहे, माणसाने त्याला जुळवून घ्यावे. पण पेटीचाच इतिहास पाहा. फ्रान्समध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून पायांनी भाता मारायचे होते. आपण बसतो जमिनीवर. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने हलवायची पेटी केली. आपल्या मांडी घालून बसण्यासाठी अख्खे वाद्य बदलले गेले. बसण्यासाठी जे झाले, ते गळ्यासाठी का होऊ नये?

ही गोष्ट मला शिकवली माझ्या भाच्याने. तो नागपुरास नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर बास गिटार वाजवतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिला बहुधा चारच तारा असतात, जाड आणि खर्जातल्या. गाण्याच्या तळाशी राहून ती सगळ्यांना धरून ठेवते. पूर्वी हे काम माणसाएवढे उंच, उभे धरायचे वाद्य करी. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची बास बाजारात आणली. तर हा मुलगा जुनी गिटार विकत घेतो, तारा बदलतो, घोडी वरखाली करतो, दांडीतली सळई पिळून तिचा बाक काढतो, आवाज टिपणारी चुंबके बदलतो, आणि मन भरले नाही की विकून दुसरी आणतो. त्याचे मित्रही तेच करतात. एकाने टाकलेला भाग दुसऱ्याच्या वाद्यात जातो. मी चिडून म्हटले, 'अरे, वाजवतोस कधी?' तर म्हणतो, 'मावशी, वाद्य चपलेसारखं असतं, पायाला बसलं पाहिजे.' त्यांच्यात तारेची मोकळी लांबी साधारण ३४ इंच असते. पण हात लहान असेल त्याच्यासाठी ३० इंचांचीही मिळते, आणि ती घेण्यात कोणी कमीपणा मानत नाही. वाद्याला चपलेची उपमा दिली म्हणून मी त्याला रागावले. पण बोलणे मनात राहिले.

आता माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या एका घरी जुना मिरजेचा तंबोरा विकाऊ असल्याचे कळले. भोपळा केवढा मोठा, दांडीवर सुरेख नक्षी! ती पाहूनच मी भुलले आणि सौदा केला. तो पुरुषी तंबोरा आहे हे मला समजले नाही. पुरुषी तंबोरा चांगला पाच फुटांच्या आसपास असतो, बायकी त्याहून आखूड. त्याच्या तारा जाड, सूर खालचा. मी घरी आणून त्याला काळी चारपर्यंत ओढत गेले. लांब तारेला वरचा सूर द्यायचा म्हणजे ताण वाढवावाच लागतो. पंचमाची तार तुटून हातावर बसली. मी नवी घातली, पुन्हा ओढली. महिन्याभराने पाहते तर घोडीखालची तबली खचलेली, आणि दांडी पुढे झुकलेली. जे मी सासूबाईंना केले तेच त्या तंबोऱ्याला केले होते, त्याचा नव्हे तो सूर त्याच्याकडून मागितला.

तंबोरा गोधडीत गुंडाळला आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने, एक दिवस आणि एक रात्र मांडीशी धरून, मिरजेला नेला.

मिरजेचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे. तिथले हे घराणे मूळचे शस्त्रे घासूनपुसून धार लावणारे. त्यातले फरीदसाहेब सतारमेकर तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या पिढ्यांनी गल्लीच वसवली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकवलेला भोपळा येतो. तो वाळवून, कापून त्यावर लाकडाची तबली बसवतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहत. ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती जाणत, आणि त्यांचा कान पुढे ठेवून इथले तंबोरे घडले असे सांगतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मी गेले त्या कारागिरांनी तंबोरा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, 'ताई, याचा दोष नाही. हा तुमचा नव्हेच. दुरुस्त करून देतो, पण ज्याचा आहे त्याला द्या.' तबली सरळ करून मी तो तिरोड्याच्या एका हौशी भजनी गृहस्थांना विकला. विकताना काय बिघडले होते आणि काय दुरुस्त केले, ते सगळे सांगितले. किंमत थोडी कमी आली, पण आजही ते गृहस्थ भेटले की हसून नमस्कार करतात. जुने वाद्य विकताना त्याचे आजारपण लपवू नये, असे मला वाटते.

मग त्यांनी एक जुना बायकी तंबोरा पुढे ठेवला. मी किंमत विचारली. ते म्हणाले, 'किंमत मागून. आधी सा लावा.' मी सवयीने काळी चार धरली. त्यांनी मान हलवली, खुंट्या उतरवल्या. पुन्हा सा. पुन्हा उतरवल्या. पांढरी चारला आल्यावर माझा आवाज असा मोकळा निघाला की मीच दचकले. तो जाड, भरीव आवाज मी ओळखत होते. पहाटेच्या ओसरीवर ऐकला होता. मला पुढे गाता येईना. कारागिरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि काही विचारले नाही.

काळी चार हीसुद्धा सगळ्या बायकांची पट्टी नव्हे, हे त्या दिवशी कळले. हिराबाई बडोदेकरांचा नाजूक, उंच सूर आणि गंगूबाई हनगलांचा भारदस्त, खालचा सूर, दोन्ही बायकांचेच, दोन्ही थोर. गंगूबाईंना कोणी टाळ्या वाजवायला बसवले असते तर?

नंतर त्यांनी जवारी काढली. घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्यावर घासत थरथरते आणि तिच्यातून गुंजन निघते. वर्षानुवर्षे तारेने माथ्यावर चरे पडतात, मग आवाज मुका होतो. ते चरे कानसीने हलकेच घासून काढले, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, आणि केसभर पुढेमागे करता करता एकदम खर्जाची तार बोलू लागली. नीट जुळलेल्या खर्जातून न वाजवलेला गांधार आपोआप ऐकू येतो. माझ्या तंबोऱ्यातून मी तो प्रथमच ऐकला.

आता खरेदीच्या दोन गोष्टी. जुना तंबोरा घेताना भोपळ्यावर टिचकी मारून पाहा. चिरलेला भोपळा बद्द बोलतो. दांडी डोळ्याशी धरून बाक बघा. तबली घोडीखाली खचली नाही ना, लाकडाचा भुसा पडत नाही ना, हे तपासा. खुंटी सरकत असेल तर घाबरू नका, थोडा खडू लावला की धरते. आपल्याकडे पावसाळ्यात खुंट्या फुगतात आणि वैशाखात लाकूड तडकते, म्हणून तंबोरा भिंतीला टेकवून उन्हात ठेवू नये, आणि बरेच दिवस गाणार नसाल तर तारा सैल कराव्यात. पेटी घेताना भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडा. तो झटकन बसला तर वारा कुठेतरी गळतो आहे. मग एकेक पट्टी हळू दाबून प्रत्येक सूर बोलतो का पाहा. सुराची पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण हे काम कारागिराचे, घरी करू नये.

पट्टी सरकवता येणारी स्केल चेंजर पेटी मिळते, पण ती महाग आणि जड. माझी सूचना अशी की साधी चांगली पेटी घ्यावी आणि आपल्यापैकी दोघींनी ती निरनिराळ्या पट्ट्यांत वाजवायला शिकावी. बोटांना सवय लागायला वेळ लागेल, पण पैसा लागणार नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवरचा तंबोरा केला. त्याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मिरजेच्या गुंजनाची सर त्याला नाही, हे खरे. पण खुंटीच्या एका फिरकीत तो ज्या बाईची जी पट्टी तिला देतो, हा त्याचा मोठा गुण. मंडळाजवळ तोही असावा.

शेवटी एक विनंती. वाद्य घेण्यापूर्वी एक वही घ्या. पुढच्या एकादशीपूर्वी एकेका भगिनीला बसवून तिचा सा शोधू. खालचा पंचम जिथे नीट ऐकू येतो आणि वरचा गांधार जिथे ओरडावा लागत नाही, ती तिची पट्टी. नावापुढे ती लिहू. ज्या म्हणतील 'मला येत नाही', त्यांना सर्वांत आधी बसवू. मग त्या वहीकडे पाहून काय विकत घ्यायचे ते ठरवू.

माझा तंबोरा आजपासून मंडळाच्या खोलीत राहील. सध्या तो पांढरी चारमध्ये जुळवलेला आहे. आमच्या सासूबाईंची पट्टी तीच असावी. ज्या भगिनीला ती खाली वाटेल किंवा वर वाटेल, तिने निःसंकोच खुंटी फिरवावी.