पक्षनिष्ठा आणि नेतृत्व

१९८३ च्या ब्रिटिश निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाच्या मतदारांपुढे पेच होता : मायकेल फूट यांचे नेतृत्व पटत नसेल, तर पक्ष सोडावा काय? १९८१ साली फुटून निघालेल्या सोशल डेमोक्रॅटांनी लिबरलांशी आघाडी केली होती. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते व २०९ जागा मिळाल्या, आघाडीला २५.४ टक्के मते, पण जागा अवघ्या २३! तीस लाखांवर लोक बेकार असताना, १९७९ पेक्षा कमी मते मिळवूनही थॅचरबाईंनी ३९७ जागा जिंकल्या. नेत्यावरील टीका हा पक्षद्रोह मुळीच नाही. मात्र ती पक्षात राहून, निवडणुकीच्या पुष्कळ आधी व्हावी. ज्या कामगारांसाठी पक्ष जन्मला, त्यांच्याशी इमान राखणे हीच खरी पक्षनिष्ठा होय.