माईंची बिदागी, लेकीचा मान

भाकरी थापत असाल, शेळ्यांमागं असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमला असाल, जिथं असाल तिथून ऐका. आज मी तुम्हाला एका मायलेकींची गोष्ट सांगणार आहे. दोघी गाणाऱ्या. आई मोगूबाई कुर्डीकर आणि लेक किशोरी आमोणकर. किशोरीताईंचे अभंग रेडिओवर लागतात, ते तुम्ही ऐकले असतील. आईचं नाव मात्र आपल्यापैकी थोड्याच जणींना माहीत असेल.

गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. होतं अशासाठी म्हणते, की साळावली धरणाच्या पाण्यात ते बुडालं. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती वर येतात. उठून गेलेली माणसं तेवढ्या दिवसांत परत येतात आणि सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. आपल्यातल्या धरणग्रस्त घरच्या लेकी-सुनांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

त्या कुर्डीत १९०४ साली मोगूबाईंचा जन्म झाला. त्या काळी गोव्यात देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायका गाणं करायच्या. लोक त्यांचं गाणं आवडीनं ऐकायचे, पण त्यांना घरंदाज म्हणायचे नाहीत. मोगूबाईंच्या आईचं, जयश्रीबाईंचं, एकच स्वप्न होतं : माझी मुलगी मोठी गायिका झाली पाहिजे. तिनं मुलीला नाटक मंडळीत घातलं. पण मुलगी दहा वर्षांची होते न होते तोच आई गेली. पोरकी पोर नाटकात कामं करत वाढली.

पुढं तब्येत बिघडली म्हणून मोगूबाई औषधोपचाराला आपल्या सांगलीत आल्या. बिऱ्हाडी रोज रियाज चालायचा. त्याच वेळी थोर गवई अल्लादिया खाँसाहेबही उपचारासाठी सांगलीत होते. जाता-येता हा आवाज त्यांच्या कानी पडायचा. एक दिवस ते घरात आले आणि म्हणाले, मुली, मी तुला शिकवतो. हे कोण आहेत ते तेव्हा त्यांना ठाऊकही नव्हतं, असं सांगतात.

इथं गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही पाठोपाठ मुंबईला गेल्या. तिथं अडथळे आले, खाँसाहेबांची तालीम तुटली. मग त्या दुसऱ्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडेही शिकल्या. शेवटी १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. गंडा बांधणं म्हणजे गुरूनं रीतीप्रमाणे शिष्य म्हणून पत्करणं. सांगलीतल्या त्या दिवसापासून इथवर बरीच वर्षं गेली होती.

आणि १९३९ साली त्यांचे यजमान वारले. पदरात तीन लेकरं, त्यांत किशोरी थोरली. मोगूबाईंनी मैफली आणि शिकवण्या करून घर चालवलं. मुलं त्यांना माई म्हणायची.

माई शिकवायला फार कडक. गाण्याची ओळ एकदा म्हणायच्या, दुसऱ्यांदा म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. लेकीनं कान देऊन तेवढ्यातच उचलायची. आणि मला येतं तेवढं पुरे, असंही त्या म्हणाल्या नाहीत. लेकीला त्यांनी अंजनीबाई मालपेकरांसारख्या दुसऱ्या गुरूंकडेही शिकायला पाठवलं.

किशोरीताई लहानपणापासून माईंच्या मागं तंबोऱ्यावर बसायच्या. गावोगावच्या मैफलींना सोबत जायच्या. तिथं त्यांनी जे पाहिलं, ते पुढं मुलाखतींत वेळोवेळी सांगितलं. प्रवास आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. उतरायला नीट जागा नाही, कुणाच्या तरी घरी. गाण्याची बिदागी तुटपुंजी. गाणं ऐकताना माना डोलावणारे लोक गाणं संपल्यावर त्या बाईशी कसे वागतात, हे त्या मुलीनं पाहिलं. माई निमूटपणे सोसायच्या, कारण घरी तीन तोंडं होती. लेकीनं मनाशी ठरवलं, मी गाईन तेव्हा असं होऊ देणार नाही.

आणि तसंच केलं. किशोरीताई मोठ्या झाल्यावर मानधन, प्रवास, राहण्याची सोय आधी ठरवून घेत. गाणं चालू असताना कुणी गप्पा मारल्या तर थांबत. लोक म्हणायचे, बाई तऱ्हेवाईक आहे, रागीट आहे. रागीट असतीलही. पण त्या रागाच्या मागं तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेली आई होती, हे बोलणाऱ्यांना कुठं ठाऊक?

माईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. लेकीला २००२ साली पद्मविभूषण मिळालं, पण ते पाहायला माई नव्हत्या. त्या २००१च्या फेब्रुवारीत गेल्या. किशोरीताई २०१७ साली गेल्या. आज त्या दोघींचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य गातात.

आता आपलं सांगते. आमच्या गटाचं भजनी मंडळ आहे. मागं एका गावात कार्यक्रमाला बोलावलं होतं. दोन तास गायलो. मांडववाल्याला पैसे मिळाले, स्पीकरवाल्याला मिळाले, जेवण करणाऱ्या आचाऱ्यालाही मिळाले. आम्हाला नारळ आणि ब्लाउजपीस. टेम्पोचं भाडं आम्ही गटाच्या पेटीतून दिलं. येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी म्हणाली, "देवाचं नाव फुकट घ्यावं गं, पण टेम्पोवाला काय देवाचं नाव घेऊन डिझेल भरतो का?"

पुढच्या बैठकीत आम्ही वहीत लिहिलं : जाण्या-येण्याचं भाडं, चहा-जेवण आणि अमुक एवढी बिदागी, आधी ठरवायची. मयतीच्या आणि वारीच्या भजनाला एक पैसा घ्यायचा नाही, हेही लिहिलं. एका ठिकाणी ऐकावं लागलं की बाया पैशाला चटावल्या. तिथं आम्ही गेलो नाही. आता बोलावणारे फोनवर आधीच विचारतात, "ताई, तुमचं किती?" हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला उत्तर देताना घाम फुटला होता.

मैत्रिणींनो, रांगोळी काढणारी, गोधडी शिवणारी, रुखवत सजवणारी, लग्नात गाणारी, आपल्या गटात अशी एक तरी बाई असतेच. पुढच्या बैठकीत तिच्यासमोर वही उघडा. तिच्या कामाला किती वेळ लागतो, सामान किती लागतं आणि तिला काय मिळतं, एवढं लिहा. आणि तिची लेक जवळ बसली असेल तर तिलाच लिहायला सांगा. लेकी सगळं बघत असतात.