दमण ते दीव: नकाशावर दोनशे, रस्त्याने सहाशे

अच्छाडहून बोलतोय. अच्छाड म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं महाराष्ट्राचं शेवटचं टोक. पुढे भिलाड, मग वापी आणि वापीहून समुद्राकडे वळलं की दमण. एका श्रोत्याने विचारलंय, "दमण विमानतळ ते दीव विमानतळ अंतर किती? विमानाला वेळ किती लागतो?" प्रश्न एक, पण उत्तरं तीन आहेत.

पहिलं उत्तर नकाशाचं. दमण साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर, दीव ७०.९ वर. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. गुणाकार करा, थोडा उत्तर-दक्षिण फरक धरा, की सरळ रेषेत जवळपास २०० किलोमीटर येतात.

दुसरं उत्तर रस्त्याचं. मध्ये खंभातचं आखात आडवं पडलंय. सुरत, भरूच करत वर जायचं, आखाताला वळसा घालायचा आणि सौराष्ट्रातून पुन्हा खाली उन्याला यायचं. झाले ६०० किलोमीटरहून जास्त! रेल्वेलाही तोच वळसा, वर वेरावळला उतरून पुढे ९० किलोमीटर.

तिसरं उत्तर घड्याळाचं. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. हिशेबाने २४ मिनिटं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं धरलं की पाऊण तास समजा. हेलिकॉप्टरला तासभर.

आता इतक्या छोट्या गावांना विमानतळ आले कुठून? १९५४ साली दादरा नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातातून गेली. भारताने नाकेबंदी केली. गोवा, दमण, दीव एकमेकांपासून तुटले. मग पोर्तुगिजांनी तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या बांधल्या आणि १९५५ पासून स्वतःची विमानसेवा चालवली. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांचं राज्य संपलं, धावपट्ट्या राहिल्या.

१९८७ साली गोवा राज्य झालं, दमण-दीव केंद्रशासित राहिलं आणि मुख्यालय दमणला. म्हणजे दीवच्या माणसाची मोठी कचेरी आखातापलीकडे! त्यामुळे २४ फेब्रुवारी २०१८ ला 'उडान' योजनेत दमण-दीव हेलिकॉप्टर सुरू झालं, त्याचं अप्रूप इथल्या लोकांना नक्की कळेल.

पण मंडळी, खरा मुद्दा पुढेच आहे. पाऊण तास हा विमानाचा वेळ झाला, तुमचा नाही. घरून निघणं, तास-दीड तास आधी पोचणं, उतरल्यावर रिक्षा शोधणं, सगळं मोजा. आणि सेवा रोज नसेल, तर तोच पाऊण तास दोन दिवसांचा होतो. दमणच्या कारखान्यात कामाला असलेल्या पोराला दीवहून फोन आला, "बापाची तब्येत बिघडलीय, लगेच ये," तर त्याला वेग काय कामाचा? त्याला आज विमान आहे का, एवढंच हवं असतं. नसेल, तर रात्रीची बस आणि ६०० किलोमीटर.

म्हणून छोट्या विमानतळावरून जायचं असेल तर चार गोष्टी आधी विचारा. कुठल्या वारी सेवा आहे? थेट आहे की दुसऱ्या शहरावरून? परतीचं कधी? सामान किती चालतं? पावसाळ्यात रद्द होण्याची तयारीही ठेवा.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, "दारातून दारात किती तास" असं विचारा. तुमच्या भागातलं असं एखादं जवळचं-लांबचं ठिकाण असेल तर कळवा.