फोटोच्या पाठीवर नाव लिहा



आज वर्गात मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी शाळामास्तर माणूस. मोठं व्याख्यान मला येत नाही. जुने फोटो कसे जपावेत, एवढंच सांगतो.

आधी माझीच चूक ऐका. मी मुख्याध्यापक होतो, त्या शाळेत मुलांचे जुने फोटो भिंतीला टांगलेले होते. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली. एक फोटो चौकटीच्या काचेला चिकटला. मी तो ओढून काढला. कागद हातात आला, पण चेहरे काचेलाच राहिले.

काही दिवसांनी एक म्हातारी आली. तिचा मुलगा ऐन तारुण्यात गेला होता. ती म्हणाली, “गुर्जी, माझ्या पोराचा तेवढाच फोटो हाय. एकदा बघू द्या.” मी काय दाखवणार? खाली मान घालून उभा राहिलो.

आता आपल्या शेजारची हकिगत सांगतो. अजिंठ्याची लेणी आपल्याला काही परकी नाहीत. 1844 साली रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तिथं आला. लेण्यांतली चित्रं हुबेहूब उतरवून घ्यायची, हे त्याचं काम. अनेक वर्षं खपून त्यानं मोठमोठ्या कापडांवर ती रंगवली. ती चित्रं विलायतेला गेली. लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस नावाच्या इमारतीत ती मांडली होती. 1866 साली तिथं आग लागली. बहुतेक चित्रं जळाली.

पुढं 1872 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तेच काम पुन्हा हाती घेतलं. तीही चित्रं लंडनला गेली. 1885 साली तिथल्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतलीही पुष्कळ गेली.

पण गिलनं फोटोसुद्धा काढले होते. त्यांतले 74 फोटो 1864 साली एका पुस्तकात निघाले. पुस्तकाच्या प्रती ठिकठिकाणी गेल्या. म्हणून ते फोटो आजही पाहायला मिळतात. रंगवलेलं चित्र एकच होतं, ते जळालं. फोटोच्या प्रती अनेक होत्या, ते राहिले. सगळं बियाणं एका कणगीत ठेवू नये, ते यासाठीच.

त्या काळी फोटो आधी काचेवर उतरवीत. लाला दीनदयाळ हे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. आपला मुलूखही 1948 पर्यंत निजामाकडेच होता. दीनदयाळांच्या 2,857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या.

अशा वस्तू संग्रहालयात कशा जपतात? प्रत्येक काचेला, प्रत्येक फोटोला आधी नंबर देतात. मऊ कुंचल्यानं धूळ झटकतात. फोटोला बोट लावीत नाहीत, कडेनं धरतात. मग स्कॅनर नावाच्या यंत्रानं त्याची नक्कल संगणकात घेतात. हे यंत्र आपल्या झेरॉक्सच्या यंत्रासारखंच असतं. नक्कल झाली म्हणून मूळ फोटो टाकून देत नाहीत. तो चांगल्या कागदात गुंडाळून कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. नकलाही दोन-तीन ठिकाणी ठेवतात.

आपल्या पिंपळगावात मिरचीचा मोठा बाजार भरतो. ओली मिरची पोत्यात कोंबली तर काय होतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. फोटोचंही तसंच आहे. ओल त्याची वैरीण. ऊन लागलं की तो पांढरा पडतो. वाळवी आणि झुरळं तर टपलेलीच असतात.

घरच्या घरी एवढं करा. भिंतीवरचा फोटो उतरवून कोरड्या पेटीत ठेवा. काचेला चिकटला असेल तर माझ्यासारखा ओढू नका. काचेवरूनच मोबाइलनं त्याचा फोटो घ्या. दिवसाउजेडी, सावलीत, मोबाइल सरळ धरून घ्या. मोबाइलची बत्ती लावू नका, काच चमकते. ती नक्कल एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. लेकीकडं पाठवा, पुण्याच्या भावाकडं पाठवा. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, हरवतो.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच मोठी. अजिंठा गावात पारो नावाच्या बाईची कबर आहे. ती गिलबरोबर राहत होती. 1856 साली ती वारली. गिलनं दगडावर तिचं नाव कोरून घेतलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. नाव लिहिलं नसतं तर ती कबर कुणाची, हे कोण सांगणार होतं?

यंत्र चेहऱ्याची नक्कल करील. पण हा चेहरा कुणाचा, हे यंत्राला ठाऊक नाही. ते तुम्हांलाच ठाऊक आहे. आणि आता तुम्हांला लिहिता येतं. फोटो स्वच्छ कापडावर पालथा ठेवा. पाठीवर मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. नाव, गाव, साल. पेन्सिल उमटत नसेल तर चिठ्ठी लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवा.

पुढच्या वर्गाला प्रत्येकानं घरचा एक फोटो आणावा. तोच त्या दिवशीचा धडा.

आणि एक विनंती. शाळेतला माझ्या हातून गेलेला तो फोटो त्या वर्गातल्या आणखी कुणाच्या घरी असेल, तर तेवढा शोधून आणा. ती म्हातारी अजून वाट पाहते आहे.