रणगाड्याचा रंग कोणता?

दिवाळीत आपल्याकडची पोरं दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजावर मावळे मांडतात. या खेळातून मुलं किती शिकतात, हे शिक्षकमंडळींना सांगायला नको. मुलं थोडी मोठी झाली की हीच हौस पुठ्ठ्याच्या नि लाकडाच्या गाड्यांकडे, विमानांकडे आणि रणगाड्यांकडे वळते. आपल्या वैजापूरहून कोपरगाव, शिर्डी, राहुरी अशा वाटेनं सहल निघाली, की पुढं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर लागतं. तिथं 1994 साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. इंग्रजांचे माटिल्डा आणि चर्चिल, 1965 च्या लढाईत हाती लागलेले पॅटन, आपला विजयंता, जपानी रणगाडे आणि एक जर्मन चिलखती गाडीसुद्धा तिथं पाहायला मिळते. मुलगा तिथून येतो, पुठ्ठा-कात्री घेऊन बसतो आणि विचारतो, "गुरुजी, जर्मन रणगाड्याला रंग कोणता देऊ?"

बहुतेकांच्या तोंडी उत्तर तयार असतं, "करडा." सिनेमात तो करडाच दिसतो ना! पण या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. गुरुजींनी उलट विचारावं, "तुझा रणगाडा कोणत्या सालचा? आणि कोणत्या मुलखातला?" ही दोन उत्तरं मिळाली की रंग आपोआप सापडतो. कसा, ते आज पाहू.

रणगाड्याला रंग देतात तो शोभेसाठी नव्हे. शत्रूच्या नजरेला तो जमिनीत, झाडीत मिसळून जावा, त्याची आकृती फुटून दिसावी, यासाठी देतात. सरडा कुंपणावर बसला की पटकन दिसत नाही, तशातलाच हा प्रकार. लष्करात याला कॅमोफ्लाज म्हणतात. जर्मनीत तर रंगांना क्रमांक ठरवून दिलेले होते. 1927 साली 40 रंगांचा पहिला तक्ता तिथं निघाला. कारखानदारानं नुसतं "हिरवा" म्हणून भागत नसे, क्रमांक सांगावा लागे. त्यामुळं आज आपल्याला माग काढता येतो.

आता सालांप्रमाणं चला. 1939 साली जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरलं, तेव्हा रणगाड्यांवर गडद करडा आणि त्यावर गडद तपकिरी पट्टे, असे दोन रंग होते. दोन भाग करडा, एक भाग तपकिरी. 1940 च्या जुलैमध्ये हुकूम निघाला की आता फक्त करडा द्या. त्यामागं रंगाची बचत हेही कारण होतं. हा करडा कसा? पावसात भिजलेल्या आपल्या काळ्या फत्तरासारखा, थोडी निळसर झाक असलेला. रशियाच्या बर्फात हा काळसर रणगाडा मैलभरावरून उठून दिसे, म्हणून त्यावर हिवाळ्यापुरता पांढरा हात मारीत. बर्फ वितळलं की तो धुऊन काढायचा.

आफ्रिकेतल्या वाळवंटात करड्याचा उपयोग नव्हता. 1941 च्या मार्चपासून तिथल्या गाड्यांना पिवळसर तपकिरी रंग ठरला, त्यावर राखी-हिरवट डाग. पुढच्या वर्षी याही छटा बदलल्या.

मोठा बदल झाला 1943 च्या फेब्रुवारीत. कारखान्यातूनच रणगाडा गडद पिवळ्या रंगात बाहेर पडू लागला. हा पिवळा हळदीचा नव्हे बरं का! वाळलेल्या कडब्याचा पिवळा, त्यात किंचित हिरवट छटा. सोबत सैनिकांना आणखी दोन रंग डब्यातून, घट्ट लगद्याच्या रूपात मिळत. एक हिरवा, आंब्याच्या जून पानासारखा. दुसरा तांबूस तपकिरी, थेट चिंचोक्याच्या रंगाचा. मुलूख पाहून सैनिकांनी ते पातळ करून स्वतःच मारायचे. कुणी पेट्रोलमध्ये कालवी, कुणी पाण्यात. पाण्यातला रंग पावसानं धुऊन जाई. कुणी फवारणी करी, कुणी कुंच्यानं रेघा ओढी. म्हणून त्या काळातल्या एकाच पलटणीच्या दोन गाड्याही हुबेहूब सारख्या नसत. 1944 च्या उन्हाळ्यानंतर हे पट्टे कारखान्यातच मारू लागले. वर्षाच्या अखेरीस टंचाई एवढी वाढली, की आपण लोखंडी फाटकाला आधी लावतो तसल्या तांबड्या अस्तरावरच थोडेथोडके पट्टे मारून रणगाडे रवाना होऊ लागले. पाहा, हरत आलेल्या राष्ट्राची ओढग्रस्त त्याच्या रंगातही दिसते.

आता कुणी म्हणेल, आम्ही जुना फोटो पाहून रंग देऊ. अवश्य पाहा, पण जपून. त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. गडद करडा आणि गडद तपकिरी हे दोन्ही रंग अशा फोटोत जवळजवळ एकच दिसतात. त्यामुळं पोलंडच्या स्वारीतले रणगाडे नुसते करडे होते, असंच जगभरचे हौशी लोक कितीतरी वर्षं धरून चालले आणि हजारो नमुने तसे रंगवले गेले. पुढं अभ्यासकांनी मूळ लष्करी हुकूम उकरून वाचले, मग फोटोंकडे पुन्हा बारकाईनं पाहिलं, तेव्हा तपकिरी पट्टे ओळखू आले. फोटो तेच होते, पाहणाऱ्याला काय शोधायचं ते आता ठाऊक झालं होतं. तीच गोष्ट संग्रहालयाची. वाहन खरं असतं, पण उन्हापावसात गंज चढू नये म्हणून त्याला पुन्हा रंग द्यावा लागतो. तेव्हा आकार, चाकं, पट्टे, तोफ यांची मापं तिथून घ्यावीत. वरच्या रंगाला मात्र पुरावा मानू नये.

हे सगळं दूरदेशचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण निमज हे गाव नगर जिल्ह्यातच आहे. तिथले शिपाई नामदेव जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत, सेनियो नदीवर, त्यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून पलीकडं आणलं, आणि पुन्हा जाऊन शत्रूचे तीन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी, 10 जुलै 1944 ला, कोकणातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, एकट्यानं मोर्च्यावर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्यांनाही तो मान मरणोत्तर मिळाला. आता एखाद्या शाळेनं इटलीच्या त्या रणांगणाचा देखावा केला आणि त्यात करडा जर्मन रणगाडा ठेवला, तर तो पोलंडचा किंवा फ्रान्सचा झाला. आपल्या मराठी शिपायांच्या काळातला रणगाडा पिवळा, त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे असाच हवा. ज्यांनी तिथं रक्त सांडलं, त्यांच्या आठवणीसाठी एवढी चिकित्सा जास्त नाही.

आता थोडं हाताच्या कामाविषयी. मॉडेलकार बहुधा पस्तीसावा हिस्सा हे माप धरतात. टायगर रणगाड्याचा सांगाडा सुमारे 6.3 मीटर लांब, तोफ सोडून. पस्तीसाव्या हिश्शानं तो 18 सेंटीमीटर होतो. मुलांना हे गणित जरूर करू द्या. असा नमुना हातभर अंतरावरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा पस्तीस हातांवरून पाहणं. लांबून रंग फिका दिसतो. आपला डोंगर दुरून निळसर दिसतो, तसंच हे. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा. आधी सगळीकडे पिवळा द्या, वाळू द्या, मग पट्टे ओढा. शेवटी चाकांवर आणि खालच्या कडांवर कोरड्या कुंच्यानं धुळीचा हात फिरवा. मात्र आपली काळी माती लावू नका, इटलीतली धूळ फिकी असते.

शिक्षकांनी एक गोष्ट आणखी करावी. या गाड्या कुणाच्या होत्या आणि त्यांनी युरोपात काय अनर्थ केला, हे मुलांना सांगितल्यावाचून त्या रंगवायला देऊ नयेत. नमुना करणं म्हणजे शत्रूचा गौरव नव्हे, पण तो मुका खेळणाही राहू नये. प्रत्येक नमुन्याखाली मुलानं चिठ्ठी लावावी: साल, मुलूख, आणि हा रंग कशावरून ठरवला. "कशावरून?" हा प्रश्न विचारायची सवय एकदा लागली, की ती रणगाड्यापाशी थांबत नाही. किल्ल्यावरच्या मावळ्याचा पोशाख, शिलालेखाचा अर्थ, गावच्या वेशीची दंतकथा, या सगळ्यांना मुलं तोच प्रश्न विचारू लागतात. रंगाची डबी दोन महिन्यांत संपेल, ही सवय मात्र त्यांना जन्मभर पुरेल.